दीडशे टक्क्यांची मर्यादा: निष्क्रिय वायू आणि ज्वलनशीलतेच्या सूत्रांचा इतिहास



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातला प्रोग्रेस सेमिनार. माझ्या अकराव्या स्लाइडवर एक टेबल होतं आणि त्यात शेवटची ओळ अशी: गॅसिफायरच्या वायूची ज्वलनशीलतेची खालची मर्यादा १५.४ टक्के, वरची मर्यादा १५५.४ टक्के. दशांश चिन्हासकट! मी पुढच्या स्लाइडकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ सरांनी शांतपणे विचारलं, "शंभर भागांत एकशे पंचावन्न भाग वायू भरल्यावर हवा कुठे ठेवणार?"

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण घरी आल्यावर नीट झोप लागली नाही. हशा पचवता आला असता. खरी अडचण अशी होती की त्याच टेबलातले आकडे एका कागदावर छापून प्रयोगशाळेच्या मागच्या शेडमध्ये लावायचे ठरले होते. तिथे आमचा लाकडावर चालणारा छोटा गॅसिफायर आहे. तो सुरू करण्याआधी आणि बंद केल्यानंतर पाइपात नायट्रोजन सोडून आतला वायू किंवा हवा बाहेर काढावी लागते, म्हणजे पर्ज करावं लागतं. हे काम आमचे टेक्निशियन काका करतात. 'किती वायू उरला की धोका नाही?' याचं उत्तर त्या कागदावर असणार होतं. आणि ते उत्तर मी काढलेलं होतं.

गंमत म्हणजे माझी आकडेमोड बरोबर होती. सूत्रही पुस्तकातलंच होतं, शंभर वर्षांहून जुनं आणि नावाजलेलं. मग चुकलं कुठे? हे शोधताना मी त्या सूत्राच्या मागे मागे जात १८१५ सालापर्यंत पोचलो. आज तीच गोष्ट सांगतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, कारण आपण सगळेच कुठली ना कुठली सूत्रं तयार उचलतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ

कुठलाही ज्वलनशील वायू हवेत कितीही मिसळला तरी पेटतोच असं नाही. फार कमी असेल तर पेटत नाही, फार जास्त असेल तरीही पेटत नाही. मिथेनचं उदाहरण घ्या. हवेत ५ टक्क्यांच्या खाली मिथेन असेल तर ज्योत पसरत नाही, कारण जळायला इंधनच पुरेसं नाही. १५ टक्क्यांच्या वर गेलं तरी पसरत नाही, कारण आता इंधन भरपूर, पण ऑक्सिजन अपुरा. ५ ही खालची मर्यादा, १५ ही वरची. मधला पट्टा धोक्याचा.

यात निष्क्रिय वायू घातला की हा पट्टा आकसतो. इथे 'निष्क्रिय' म्हणजे फक्त आवर्तसारणीतले हेलियम, आर्गॉन वगैरे नव्हेत. जळण्यात भाग न घेणारा कुठलाही वायू, म्हणजे नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडही त्यात आले. निष्क्रिय वायू वाढवत नेला की वरची मर्यादा झपाट्याने खाली येते, खालची किंचित वर सरकते आणि एका टोकाला दोघी एकमेकींना भेटतात. त्या टोकापलीकडे मिश्रण पेटतच नाही. आलेख काढला तर आडव्या पडलेल्या त्रिकोणासारखा दिसतो आणि त्या टोकाला चक्क 'नाक' म्हणतात.

आपला प्रश्न एवढाच: दोन-तीन ज्वलनशील वायू आणि दोन-तीन निष्क्रिय वायू एकत्र असतील, तर न पेटवता, नुसत्या कागदावर, हा पट्टा सांगता येईल का?

डेव्ही: क्रम टिकला, आकडे नाही

२५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या फेलिंग इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ९२ माणसं आणि मुलं गेली. कारण होतं फायरडॅम्प, म्हणजे कोळशाच्या थरांतून झिरपणारा, मुख्यतः मिथेन असलेला वायू. खाणीत उजेडासाठी उघडी ज्योत न्यावी लागे आणि त्याच ज्योतीने स्फोट होत.

१८१५ साली हे कोडं हम्फ्री डेव्ही यांच्याकडे आलं. डेव्हींचा जाळीचा दिवा सगळ्यांना माहीत असतो. पण दिव्याच्या आधी त्यांनी जे केलं ते आपल्या विषयाचं मूळ आहे. त्यांनी खाणीतला वायू मागवला, तो वेगवेगळ्या प्रमाणात हवेत मिसळला आणि पेटवून पाहिला. किती प्रमाणाखाली स्फोट होत नाही, किती प्रमाणावर सगळ्यात जोरदार होतो, याची नोंद केली. मग पुढचा प्रश्न विचारला: या स्फोटक मिश्रणात न जळणारा वायू घातला तर?

१८१६ साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापलेल्या निबंधात उत्तर आहे. स्फोटक मिश्रणाच्या ७ भागांत १ भाग कार्बन डायऑक्साइड घातला की स्फोट थांबतो. नायट्रोजन वापरायचा तर ६ भागांत १ भाग लागतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त प्रभावी.

आता हे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवा. मिथेन-हवा मिश्रण पूर्ण निर्धोक करायला एकूण मिश्रणात नायट्रोजन जवळपास ३८ टक्के लागतो आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास २५ टक्के. डेव्हींचे आकडे अनुक्रमे १४ आणि १२.५ टक्के होतात. खूपच कमी! त्यांचे आकडे वाचून आज कुणी टाकी पर्ज केली तर अनर्थ होईल. पण त्यांचा प्रश्न 'स्फोट होतो का' असा होता आणि आपला प्रश्न 'ज्योत पसरते का' असा आहे. भांडं वेगळं, ठिणगी वेगळी, कसोटी वेगळी. तरीही कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा सरस, हा क्रम मात्र दोनशे वर्षं जसाच्या तसा टिकला.

ही गोष्ट मनात ठेवा. पुढे पुन्हा पुन्हा असंच होणार आहे.

ले शातेलिए: मोजण्यासाठी बनवलेलं सूत्र

अकरावी-बारावीत समतोलाच्या धड्यात भेटणारे ले शातेलिए हेच. ते पॅरिसच्या खाण-शिक्षणसंस्थेत, एकोल दे मीनमध्ये शिकवत आणि फ्रान्समध्ये फायरडॅम्पच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगाच्या कामात होते. १८९१ साली त्यांनी एक निबंध लिहिला. विषय होता, खाणीतल्या हवेत फायरडॅम्प किती आहे ते मोजायचं कसं.

युक्ती सुरेख होती. खाणीतल्या हवेचा नमुना घ्यायचा. त्यात थोडा थोडा ओळखीचा ज्वलनशील वायू सोडत जायचा. ज्या क्षणी मिश्रण पेटतं, त्या क्षणी ते खालच्या मर्यादेवर आलं. आपण किती वायू घातला ते माहीत आहे, म्हणजे आधीपासून किती होता ते काढता येईल. पण त्यासाठी दोन ज्वलनशील वायू एकत्र आले की मर्यादा कशी बदलते याचा नियम हवा. तो नियम असा: प्रत्येक वायूच्या प्रमाणाला त्याच्या स्वतःच्या मर्यादेने भागा, सगळे भागाकार मिळवा, बेरीज १ झाली की मिश्रण मर्यादेवर आलं.

साध्या भाषेत, प्रत्येक वायू पेटण्याच्या कामातला आपापला वाटा उचलतो. मिथेन २.५ टक्के आहे, म्हणजे त्याच्या ५ टक्के मर्यादेच्या निम्मा. उरलेला निम्मा वाटा दुसऱ्या वायूने भरला की झालं. याचाच दुसरा अर्थ असा की काठावरची दोन मिश्रणं एकमेकांत मिसळली तर तयार होणारं मिश्रणही काठावरच असतं.

१९१९ साली कॉवर्ड, कार्पेंटर आणि पेमन यांनी हा नियम बऱ्याच वायूंच्या मिश्रणांवर तपासला. हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन यांसारख्या वायूंना तो चांगला लागू पडतो, पण सगळीकडे नाही, असं दिसलं. तेव्हापासून हे सूत्र पाठ्यपुस्तकांत स्थिरावलं. आणि तिथून माझ्या एक्सेल शीटमध्ये आलं.

माझी चूक नेमकी काय होती

आमच्या गॅसिफायरचा वायू साधारण असा धरा: कार्बन मोनॉक्साइड २०, हायड्रोजन १८, मिथेन २, कार्बन डायऑक्साइड १२, नायट्रोजन ४८ टक्के. म्हणजे ६० टक्के वायू जळतच नाही.

मी काय केलं? तीन ज्वलनशील वायूंचे भागाकार मिळवले. निष्क्रिय वायूंना स्वतःची मर्यादा नसते, म्हणून त्यांच्या जागी शून्य लिहिलं. खालच्या मर्यादेसाठी ०.२०/१२.५, ०.१८/४ आणि ०.०२/५. बेरीज ०.०६५. तिचा व्यस्त घेतला, १५.४ टक्के. वरच्या मर्यादेसाठी ७४, ७५ आणि १५ हे आकडे घातले, १५५.४ टक्के.

तुम्ही वाचताना इथे थांबून विचार करा. शून्य लिहिण्यात काय बिघडलं?

सूत्रात हवेलाही शून्यच वाटा आहे. म्हणजे शून्य लिहून मी कळत-नकळत असं म्हणालो की नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे जणू हवाच! खालच्या मर्यादेपाशी हे खपून जातं. तिथे हवा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते, ज्यादा हवा नुसती गर्दी करून उष्णता खाते. त्या गर्दीत थोडा नायट्रोजन आणखी आला तर फारसा फरक पडत नाही. म्हणून माझा १५.४ हा आकडा फारसा चुकीचा नव्हता.

वरच्या मर्यादेपाशी सगळं उलटं आहे. तिथे ऑक्सिजनचा दुष्काळ. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांना ज्योत टिकवायला मिश्रणात निदान ५ ते ६ टक्के ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे मिश्रणाचा साधारण पाव भाग तरी हवा हवीच. याचा अर्थ वायू ७५ टक्क्यांच्या फार वर जाऊच शकत नाही. एवढा विचार मी पाटीवर दोन मिनिटांत करू शकलो असतो. केला नाही.

ले शातेलिएंचं सूत्र खोटं ठरलं का? अजिबात नाही. त्यांनी ते खाणीतल्या हवेसाठी, खालच्या मर्यादेसाठी, मोजमापाच्या कामासाठी बनवलं होतं. ते जिथे जन्मलं तिथे आजही चोख चालतं. मी त्याला भलत्याच गावी नेऊन पत्ता विचारला.

जोन्स: शून्य लिहिण्याऐवजी वाटणी

माझी अडचण काही नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडाच्या कारखान्यांत झोतभट्टीचा वायू पाइपांतून फिरू लागला होता, इंजिनांत जाळला जात होता. त्यातही ज्वलनशील भाग थोडा आणि नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइड फार. कोणत्या प्रमाणात स्फोट होईल, हे कारखानदारांना कळायला हवं होतं.

हे काम अमेरिकेत ब्युरो ऑफ माइन्सने अंगावर घेतलं. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथल्या खाणीत स्फोट झाला आणि अधिकृत आकड्याप्रमाणे ३६२ माणसं मेली. अशा दुर्घटनांच्या दबावाखाली १९१० साली हा ब्युरो स्थापन झाला. त्याचे एक शास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. जोन्स यांनी १९२९ साली मिश्र वायूंवर एक लेख लिहिला आणि त्यात वाटणीची पद्धत मांडली.

पद्धत अशी. मिश्रणातल्या प्रत्येक ज्वलनशील वायूला निष्क्रिय वायूचा एक हिस्सा जोडून द्या. माझ्या वायूत हायड्रोजनबरोबर सगळा नायट्रोजन बांधा, म्हणजे १८ ला ४८. कार्बन मोनॉक्साइडबरोबर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २० ला १२. मिथेन एकटाच. आता तीन गट झाले: ६६, ३२ आणि २ टक्के. प्रत्येक जोडीची मर्यादा प्रयोगातून काढलेल्या आलेखावरून वाचा. मग हे तीन गट म्हणजे तीन वेगळे इंधनवायू समजून ले शातेलिएंचं सूत्र लावा.

चलाखी लक्षात आली? सूत्र तेच, पण निष्क्रिय वायूचा परिणाम आता शून्यात गडप होत नाही, तो आलेखातून आत येतो. मी हे करून पाहिलं, तर वरची मर्यादा ७० टक्क्यांच्या जरा खाली आली. १५५ वरून ७०!

अर्थात, कोणता निष्क्रिय वायू कुणाशी बांधायचा हे आपल्यावर आहे. वेगळी जोडी लावली तर उत्तर थोडं हलतं. आणि आलेख हवेत म्हणजे कुणीतरी आधी शेकडो वेळा नळीत वायू भरून पेटवलेला हवा. ते कुणीतरी म्हणजे इंग्लंडचे कॉवर्ड आणि अमेरिकेचे जोन्स. दोन देशांच्या खाण-सुरक्षा संस्थांच्या सहकार्यातून त्यांनी हे आकडे एकत्र केले. १९५२ साली आलेलं त्यांचं 'बुलेटिन ५०३' आजही आमच्या क्षेत्रात उघडलं जातं.

उष्णतेचा हिशोब

जोन्स यांची पद्धत चालते, पण का चालते ते सांगत नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या वाटेने आलं.

१९११ साली बर्जेस आणि व्हीलर यांनी मिथेन, इथेन, प्रोपेन अशा पॅराफिन वायूंच्या खालच्या मर्यादा पाहिल्या आणि त्यांना एक साम्य दिसलं. मर्यादेला त्या वायूच्या ज्वलनउष्णतेने गुणलं की उत्तर जवळपास सारखंच येतं. आजच्या आकड्यांनी करून पाहा. मिथेन: ५ टक्के गुणिले ८०२ किलोज्यूल, म्हणजे मिश्रणाच्या दर मोलमागे ४० किलोज्यूल. इथेन: ३ टक्के गुणिले १,४२८, म्हणजे ४३. प्रोपेन: २.१ टक्के गुणिले २,०४३, म्हणजे ४३.

अर्थ सरळ आहे. ज्योत शेजारच्या थराला पेटवते ती उष्णता देऊन. त्यासाठी ठरावीक तापमान गाठावं लागतं. त्या तापमानाला पोचण्याइतकी उष्णता मिळाली की मर्यादा आली, मग इंधन कुठलंही असो. एकदा हे मान्य केलं की निष्क्रिय वायूचं कामही उलगडतं. तो उष्णता खाणारा पाहुणा आहे. जेवढी त्याची उष्माधारकता जास्त, तेवढा तो ज्योतीला जड. ज्योतीच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा एक मोल नायट्रोजनच्या दीडपटीहून जास्त उष्णता खातो. डेव्हींना १८१५ साली दिसलेल्या क्रमाचं कारण हे.

यातून तापमानाचाही अंदाज येतो. वायू आधीच गरम असेल तर त्याला कमी इंधन पुरतं. मायकल झाबेटाकिस यांच्या १९६५ सालच्या 'बुलेटिन ६२७'मध्ये दिलेल्या नियमाप्रमाणे दर १०० अंश सेल्सिअसला खालची मर्यादा मूळ आकड्याच्या साधारण ८ टक्क्यांनी उतरते.

हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला. गॅसिफायरमधून वायू गरम निघतो. ३०० अंशाला माझा १५.४ हा आकडा ढोबळमानाने १२ होतो. म्हणजे ज्या आकड्याला मी वर 'फारसा चुकीचा नव्हता' म्हटलं, तो थंड वायूपुरताच. वरच्या मर्यादेची चूक सगळ्यांना दिसली, कारण ती हास्यास्पद होती. खालच्या मर्यादेची चूक कुणालाच दिसली नाही, कारण आकडा दिसायला शहाणा होता. आणि काकांना धोका होता तो या शहाण्या आकड्याचा.

हायड्रोजन आणि हेलियम ऐकत नाहीत

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण हायड्रोजनचा हिशोब करून पाहा. ४ टक्के गुणिले २४२ किलोज्यूल, म्हणजे १० पेक्षाही कमी. बाकीच्यांना ४० लागतात, याला १० पुरतात! हायड्रोजन इतका चपळ आहे की तो आजूबाजूच्या मिश्रणातून ज्योतीकडे धाव घेतो. ४ टक्क्यांना पूर्ण ज्योत बनत नाही, छोटे छोटे ज्योतीचे गोळे वर तरंगत जातात. ज्योत खालच्या दिशेने न्यायची तर हायड्रोजन साधारण ९ टक्के लागतो.

निष्क्रिय वायूंमध्ये असा हट्टी गडी म्हणजे हेलियम. आर्गॉन आणि हेलियम दोघांची उष्माधारकता एकसारखी, दर मोलला २०.८ ज्यूल प्रति केल्विन. निव्वळ उष्णतेच्या हिशोबाने दोघांचा परिणाम सारखाच असायला हवा. पण हेलियम उष्णता फार पटकन वाहून नेतो, त्यामुळे ज्योतीला तो आर्गॉनपेक्षा बराच जड जातो.

हा फरक एका मानकाच्या दोन आवृत्त्यांत स्पष्ट दिसतो. वायूंचं मिश्रण ज्वलनशील की नाही हे ठरवण्यासाठी 'आयएसओ १०१५६' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रत्येक निष्क्रिय वायूला नायट्रोजनच्या तुलनेत एक गुणांक दिलाय. नायट्रोजन १, कार्बन डायऑक्साइड १.५. १९९६ च्या आवृत्तीत आर्गॉन आणि हेलियम दोघांना ०.५ दिले होते. २०१० च्या आवृत्तीत आर्गॉन ०.५५ झाला आणि हेलियम ०.९. मोजमापाने सिद्धान्ताला दुरुस्त केलं.

त्याच मानकात आणखी एक बदल आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नायट्रोजनमध्ये मिथेन किती टक्क्यांपर्यंत असेल तर ते मिश्रण हवेत कसंही मिसळलं तरी पेटणार नाही? १९९६ चं उत्तर १४.३ टक्के. २०१० चं उत्तर ८.७ टक्के. म्हणजे १० टक्के मिथेन आणि ९० टक्के नायट्रोजन भरलेला सिलिंडर जुन्या आवृत्तीप्रमाणे अज्वलनशील आणि नव्या आवृत्तीप्रमाणे ज्वलनशील. सिलिंडर तोच!

'पेटलं' म्हणजे काय?

मिथेन तर बदललं नाही. मग आकडे का बदलतात? कारण 'पेटलं' कशाला म्हणायचं हे माणसांनी ठरवायचं असतं.

ब्युरो ऑफ माइन्सची नळी ५ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे दीड मीटर लांब. तळाशी ठिणगी द्यायची. ज्योत वरपर्यंत गेली तर मिश्रण ज्वलनशील. युरोपच्या 'ईएन १८३९' मानकातली नळी ८ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच. तिथे ज्योत ठिणगीपासून सुटून १० सेंटिमीटर वर गेली तरी पेटलं असं धरतात. साहजिकच युरोपचा पट्टा रुंद येतो. अमेरिकन पुस्तकांत मिथेनच्या मर्यादा ५ आणि १५ मिळतात, युरोपकडच्या तक्त्यांत ४.४ आणि १७. दोन्ही बरोबर, आपापल्या नळीत.

आता विचार करा. खालची मर्यादा अमेरिकन तक्त्यातून, वरची युरोपियन तक्त्यातून आणि निष्क्रिय वायूचा गुणांक तिसरीकडून घेऊन कुणी सूत्रात घातला, तर उत्तर कुठल्या नळीचं? कुठल्याच नाही. आणि मी सांगतो, असं सर्रास होतं. माझ्या पहिल्या शीटमध्येही तीन वेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी बसले होते.

जपानच्या एआयएसटी संस्थेतल्या कोंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ले शातेलिएंच्या सूत्राचा विस्तार केला, तेव्हा हे पथ्य पाळलेलं दिसतं. त्यांनी निष्क्रिय वायूसाठी सूत्रात वेगळी पदं घातली, त्यातले गुणांक स्वतः मोजलेल्या आकड्यांवरून बसवले, नायट्रोजनसाठी वेगळे आणि कार्बन डायऑक्साइडसाठी वेगळे. ११५ वर्षांनी त्या शून्याच्या जागी काहीतरी आलं. पण तेही मोजून आलं, नुसत्या विचाराने नाही.

शेडमधला कागद

आता तुमच्यासाठी. या सगळ्या धावपळीतून मी तीन सवयी लावून घेतल्या.

पहिली, सूत्र वापरण्याआधी ते मुळात कुठल्या प्रश्नासाठी बनलं ते शोधतो. मूळ निबंध फ्रेंचमध्ये असेल, तरी त्याचा सारांश कुठेतरी मिळतोच. ले शातेलिएंना वरची मर्यादा नको होती, हे एक वाक्य मला आधी माहीत असतं तर अकरावी स्लाइड बनलीच नसती.

दुसरी, सूत्रात कशाला 'कायम' धरलंय ते लिहून ठेवतो. ले शातेलिएंनी वाट्यांची बेरीज कायम धरली, बर्जेस-व्हीलर यांनी उष्णता, मानकाने नायट्रोजनशी असलेलं प्रमाण. जिथे ते कायम राहत नाही, तिथे सूत्र संपतं. हायड्रोजन आणि हेलियम अशा ठिकाणी उभे असतात.

तिसरी, आकड्याबरोबर त्याची नळी लिहितो. भांडं कोणतं, ज्योतीची दिशा कोणती, तापमान किती. हे नसेल तर तो आकडा अर्धाच आहे.

शेडमध्ये शेवटी कागद लागला, पण दोन महिने उशिरा. त्यावर वरची मर्यादा नाहीच. ती काकांच्या कामाची नव्हती. पाइप हवेने भरताना मिश्रण वरच्या मर्यादेच्या वरून खाली येताना मधल्या पट्ट्यातून जातंच, म्हणून 'वायू भरपूर आहे, धोका नाही' असं कुणी कधी समजू नये. कागदावर खालची मर्यादा आहे, गरम वायूसाठी उतरवलेली. त्याच्या चौथ्या हिश्शाच्या खाली वायू गेल्याशिवाय पाइप उघडायचा नाही, असं ठळक लिहिलंय. खाली तक्त्याचं नाव, नळीची रुंदी आणि तापमान.

काकांनी कागद वाचला आणि विचारलं, "हे नळीचं कशाला लिहिलंस रे? आपला पाइप तर वेगळाच आहे."

म्हटलं, "काका, म्हणूनच लिहिलंय."